गाडीला कळणारा हात

आमच्या घरात एक समजूत होती, की गाडीला फक्त भाऊजींचा हात कळतो. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, घरातच राहिले आणि सासऱ्यांच्या माघारी गाडीचे आपसूक मालक झाले. तशी गाडी सगळ्यांची. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली, कुणीही घ्यावी आणि जावं, असं सासूबाई चारचौघांत कौतुकाने सांगायच्या. प्रत्यक्षात तसं होत नसे. आपण किल्ली घ्यायची, गाडीत बसायचं, फिरवायची, की इंजिन नुसतं घरघरणार आणि सुरू व्हायचं नाव घेणार नाही. मग भाऊजींना हाक मारायची. ते सावकाश येणार, बॉनेट उघडून आत वाकणार, दोनदा खाकरणार आणि बॉनेट आपटून म्हणणार, "आता बघ." गाडी लगेच सुरू. आधीच त्यांना सांगून निघालं, तर ते "थांब, बघून देतो" म्हणत तेच करणार आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

मी लहरी म्हणायची. गाडीला हं, भाऊजींना नव्हे.

माझी आई तासाभराच्या रस्त्यावर एकटी राहायची. एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला, की लवकर ये, सारखं तुझंच नाव घेतेय. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मी आहे त्या कपड्यांवर किल्ली ओढली आणि गाडीत बसले. घरघर, घरघर, आणि काही नाही. पाच-सहादा फिरवली तेव्हा ती घरघरही मंदावत गेली. भाऊजी केस कापायला गेले होते. त्यांना फोन लावला, म्हटलं, आईचं काही खरं नाही, गाडी सुरू होत नाहीये. ते म्हणाले, "बॅटरी बसली असेल. आल्यावर बघतो." त्यांच्यामागे कात्रीचा आवाज येत होता.

मी बसने गेले. मध्ये एक बस बदलावी लागते. पोचले तेव्हा शेजारीण दारातच उभी होती आणि तिने मला आत जायची घाई केली नाही. त्यावरूनच मला कळलं.

आईचे दिवस झाल्यावर घरी परतले, तेव्हा सगळे चांगले वागले. नवरा म्हणाला, जुनी गाडी आहे, नशीब आपलं. भाऊजी म्हणाले, यंत्राचा काय भरवसा. मी मान डोलावली. पण माझ्या पोटात जे बसलं होतं ते नशीब-बिशीब म्हणून हलणारं नव्हतं. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता, आणि समोर गाडी होती. म्हणून मी ठरवलं, की त्या दिवशी हिच्या कुठल्या अवयवाने मला दगा दिला ते शोधून काढायचं. माझा पहिला सूड गाडीवरच होता, हे ऐकून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक डिकीत तसंच पिशवीत पडलं होतं. ते वाचलं. मोबाइलवर लोक आपापल्या अंगणात गाड्या उघडून दाखवतात, ते बघितलं. मी दातांच्या दवाखान्यात कवळ्या घासूनपुसून बसवून देण्याचं काम करते, त्यामुळे बारीक हत्यार हातात धरायची मला सवय आहे आणि घाणीची किळस नाही. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड साचली होती. तारा सोडवल्या, खायचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने ती टोकं घासली, कोरडी केली आणि पुन्हा आवळली. एका बाजूचा दिवा लागत नव्हता, तो नुसता बल्ब गेलेला निघाला. काच पुसणाऱ्या दांड्यांचं रबर कडक झालं होतं, ते बदललं. ब्रेक दाबला की चरचरायचं, तर चाक काढून पाहिलं, पॅड झिजून पत्र्याला टेकले होते, तेही बदलले. नवरा खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "दादाला सांग ना, तो करेल." दादाने तेवढ्या वर्षांत हे एकही केलं नव्हतं.

यातून मला एक गोष्ट कळली. गाडी सुरू होत नाही म्हटलं, तर आधी ऐकायचं. किल्लीला काहीच दाद नाही, दिवेही मंद, तर बॅटरी. नुसतं टक् वाजतंय, तर बॅटरी किंवा स्टार्टर. पण इंजिन जोमाने फिरतंय आणि तरी पकडत नाही, तर वीज आहे, दुसरं काहीतरी पोचत नाहीये. ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल नाही. किल्ली अर्ध्यावर फिरवली की मागच्या सीटखालून क्षणभर बारीक गुणगुण यायला हवी. तो पेट्रोलचा पंप. ती गुणगुण नसेल, तर पंपाला वीज मिळत नाही.

त्या सकाळी इंजिन जोमाने फिरत होतं. मंदावलं ते मी फिरवून फिरवून. म्हणजे बॅटरी बसलेली नव्हतीच.

मग एका रविवारी मी कुणाला न सांगता किल्ली घेतली. तीच घरघर. किल्ली अर्ध्यावर आणून कान दिला, तर मागे सगळं गप्प. खाली उतरून बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी एक काळा डबा असतो, त्यात फ्यूज आणि एकेका भागाला वीज सोडणारे रिले ओळीने बसवलेले असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र असतं, कुठला कशाचा ते. पंपाच्या रिलेची जागा रिकामी होती. काडेपेटीएवढी काळी डबी असते ती, उपटली की निघते आणि दाबली की बसते, पाना लागत नाही. आजूबाजूला सगळीकडे धूळ होती आणि ती चौकोनी जागा स्वच्छ होती. रोज पुसल्यासारखी.

मी झाकण लावलं, बॉनेट पाडलं आणि नेहमीसारखी हाक मारली. भाऊजी आले. "मला न सांगता निघालीस वाटतं," असं हसत म्हणाले, शर्टाच्या खिशाला हात लावला, माझ्याकडे पाठ करून वाकले, दोनदा खाकरले. "आता बघ."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. मी गाडी घेतली आणि कोपऱ्यावर नेऊन डबा उघडला. डबी जागेवर होती.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. "दादा असं कशाला करेल? त्याला काय मिळणार? तुझ्या डोक्यातून तो दिवस जात नाहीये, मला कळतंय." हे तो प्रेमाने म्हणाला, त्यामुळे जास्त लागलं. सासूबाईंना सांगण्यात अर्थच नव्हता, त्यांच्या लेखी थोरला म्हणजे देवमाणूस. मी डबी दाखवली असती तर भाऊजी म्हणाले असते, सैल झाली होती म्हणून काढली. त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. त्या दोघांसमोर, त्यांच्या स्वतःच्या तोंडून. मला दुसरं काही नको होतं. मी मूग गिळून बसले आणि डाव शोधू लागले.

भाऊजी नोकरीतून निवृत्त होणार होते. शेवटच्या दिवशी ऑफिसात निरोप समारंभ होता, त्यांचं भाषण होतं, ते आठवडाभर आरशासमोर घोकत होते. गाडीने दिमाखात जायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, मी सकाळी गाडी धुऊन ठेवते." ते खूश झाले. म्हणाले, "शहाणी झालीस."

भाऊजी सकाळी लवकर बॉनेटपाशी वाकून आले, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. डबी परत बसवली असणार. ते दाढीला बसल्यावर मी बादली घेऊन खाली गेले. गाडी धुतली, अगदी चाकांच्या वाट्यांपर्यंत. मग मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण काढलं आणि पंपाला जाणाऱ्या वायरीचा सॉकेट ओढून सुटा केला. गाडी सुरू केली. पाइपात उरलेल्या पेट्रोलवर ती थोडी चालली, आचके दिले आणि बंद पडली. सीट खाली बसवून मी वर फडकंही मारलं.

भाऊजी कडक इस्त्रीच्या शर्टात खाली आले. त्यांना पोचवायला सासूबाई आणि नवरा फाटकापर्यंत आले. भाऊजींनी किल्ली फिरवली. घरघर, घरघर.

मला त्या आवाजाने इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा. मग उतरले, बॉनेट उघडलं आणि त्यांचा हात सरळ त्या काळ्या डब्यावर गेला. बॅटरी नाही, तार नाही, काही बघितलं नाही. झाकण काढलं. डबी जागेवर. ती त्यांनी उपटली, उलटीपालटी करून पाहिली, बसवली आणि परत किल्ली फिरवली. घरघर. आता कपाळावर घाम. हात शर्टाच्या खिशाकडे गेला, खिसा चाचपला, मग पँटचा. पुन्हा बॉनेटखाली वाकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे, पण चांगलं ऐकू येईल असं म्हणाले, "सकाळीच तर लावली होती परत."

"काय लावली होती?" नवऱ्याने विचारलं.

भाऊजी वाकलेलेच राहिले.

"दादा, काय परत लावली होती?"

"हेच विचार," मी म्हटलं. "आणि खिशात काय शोधत होते तेही विचार."

नवरा पुढे झाला, त्याने त्या डब्याकडे पाहिलं, झाकणावरच्या चित्राकडे पाहिलं. मी त्याला ते कागदावर काढून समजावलं होतं, तेव्हा त्याने नीट बघितलंही नव्हतं. आता तो बराच वेळ बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, काय झालं, कुणी मला सांगाल का?"

"हे ती डबी काढून खिशात ठेवतात," मी सांगितलं. "म्हणजे कुणाची गाडी सुरू होत नाही. मग सगळ्यांनी यांना विचारायचं. माझी आई गेली त्या दिवशीही ती यांच्या खिशात होती."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, आरडाओरडा करतील. त्यासाठी मी पुढची वाक्यं तयार ठेवली होती. पण त्यांची पुरती भंबेरी उडाली होती आणि भाषणाची वेळ होत आली होती.

"सांगून नेली असतीस तर दिली असती," ते म्हणाले. "घरात मोठं माणूस आहे, एक शब्द विचारायचा असतो. किल्ली उचलली की निघाली."

"फोन केला होता मी."

"मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. चार लोक बसले होते तिथे. खिशात आहे म्हणून कसं सांगणार होतो?"

हे एवढंच. मी इतके महिने काय काय कल्पना केल्या होत्या. त्यांचा माझ्यावर कसला तरी खोल राग असेल, आईशी जुनं काही असेल. तर चार अनोळखी माणसांपुढे त्यांना ओशाळं व्हायचं नव्हतं. माझी आई दाराकडे डोळे लावून होती आणि हे मान खाली घालून मागचे केस कोरून घेत होते.

सासूबाई पायरीवर बसल्या. नवऱ्याने भावाला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी ऐकायला हवं होतं." ते उशिरा का होईना, मी ठेवून घेतलं.

भाऊजींनी घड्याळ बघितलं. मग मला, "तुला येतं ना सुरू करता?"

"येतं."

"मग कर ना."

"विचारा," मी म्हटलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आपल्या आईकडे, भावाकडे. कुणी मधे पडलं नाही. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मला गाडी देतेस का? ऑफिसात सगळे वाट बघताहेत."

विचारल्यावर हो म्हणायचं मी ठरवलं होतं. तेवढं झालं की माझं उट्टं निघेल, मन मोकळं होईल असा हिशेब होता. पण त्यांनी अगदी नीट, मान खाली घालून विचारलं, आणि मला कळलं की माझ्याजवळ हो नाहीच आहे.

"नाही," मी म्हटलं.

ते भाषणाचा कागद हातात घेऊन नाक्याकडे चालत गेले. मी मागची सीट उचलली, सॉकेट दाबून बसवला. नवरा बघत होता. किल्ली अर्ध्यावर फिरवली, मागे गुणगुणलं, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

नाक्यावर भाऊजी टॅक्सीची वाट बघत उभे होते. त्यांनी गाडी ओळखली आणि हात वर केला. बहुतेक न ठरवता. मी त्यांच्यापुढे थांबले, काच खाली केली आणि विचारलं, "कुठे जायचंय?"

"तुला माहीत आहे. ऑफिसात."

"मी तिकडे चालले नाहीये," मी म्हटलं आणि काच वर घेतली.

ते खोटं नव्हतं. मी आईच्या घराच्या रस्त्याला लागले होते. तिथे आता दार उघडायला कुणी नाही, कुलूप मीच लावलेलं आहे, आणि त्याची किल्लीसुद्धा मी बरोबर घेतली नव्हती. गाडी मात्र सुरेख चालत होती, कुठे एक आचका नाही. बसने मला दुपार झाली होती. आज मी पाऊण तासात पोचले.