दुसऱ्यांदा दाबलेली बेल

"वाजते की बेल." सिस्टरने खाटेवरचं बटण माझ्यासमोर दाबलं. पलीकडे तिच्या टेबलावरचा दिवा लागला. "आजोबांनी तक्रार केली की दर वेळी मी बेलचा डबा बंद करून चालू करते आणि दाबून बघते. लागतोच."

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. काल दुपारी आपण बेल दाबत होतो, कुणी आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी चादर बदलावी लागली. त्यांच्या लेकीने मला बाजूला घेतलं.

"परवापर्यंत डोक्याने ठणठणीत होते हो. आता भ्रम व्हायला लागलेत. एकटं कसं ठेवायचं?" तिच्या हातात वृद्धाश्रमाचा फॉर्म होता, अर्धा भरलेला.

ती बेल मीच बसवली होती. म्हणजे तिच्या आतला कर्नेल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जुन्या चिपवरून नव्या चिपवर आणला होता. बटण दाबलं की चिप हाक मारते आणि कर्नेलने हातातलं काम टाकून ओ द्यायची. जुनी चिप एकदा हाक मारून गप्प बसायची. नवी माझ्या आत्यासारखी. तिला हवं तसं 'ऐकलं' म्हणेपर्यंत हाका मारतच राहते, सेकंदाला लाखभर. कर्नेल ओ देऊन देऊन आडवा झाला. डेमोला तास उरलेला. मी एक ओळ टाकली: हाक आली की ती वाटच बंद. वाट उघडायची ओळ जेवून आल्यावर टाकणार होतो.

डेमोत साहेबांनी बटण एकदाच दाबलं. दिवा लागला, टाळ्या पडल्या, मला 'महिन्याचा मानकरी' म्हणून कुंडी मिळाली. रोप नंतर देणार होते. जेवण मात्र भरपूर झालं.

"सिस्टर, दिवा विझवून या," मी म्हणालो. "आता परत दाबा."

तिने दाबलं. परत दाबलं. दिवा लागला नाही.

"वायर सैल असेल," माझ्या तोंडून निघून गेलं. मी वायर हलवलीसुद्धा, अगदी जाणकारासारखी.

"राहू दे रे बाळा," आजोबा भिंतीलाच म्हणाले. "माझाच अंगठा थकलाय. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो. आता एक बटण दाबता येत नाही."

मी वायर सोडली.

"अंगठा नाही, आजोबा. डबा चालू केल्यावर पहिलीच बेल वाजते. पुढची एकही नाही. मी तसं करून ठेवलंय."

त्यांनी मान वळवली. "म्हणजे मी दाबत होतो."

"हो."

"चाळीस वेळा," ते लेकीला म्हणाले. "मोजत होतो."

लेकीने फॉर्मची घडी घातली, मग आणखी एक. आजोबा आता मला झापतील म्हणून मी उभाच राहिलो. झापलं असतं तर बरं झालं असतं.

"बाकीच्या खाटांचं काय?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे तेच. दुरुस्तीला दोन तास लागतील."

"बस मग."

मी स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. आजोबा लेकीचा हात धरून उठून बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि वॉर्डभर नजर फिरवली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, स्वच्छ, कामावरचा.

"सिस्टर, सात नंबर बोलावतोय."