आक्का आणि सरकणारे खंड

"थांबा, आई. खंड कशामुळे हलले, एवढंच विचारलंय मी. पृथ्वीच्या जन्मापासून नको."

"मधेच थांबवू नकोस गं. आता पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागेल," असं म्हणून आक्कांनी डोळे मिटले आणि, ये रे माझ्या मागल्या, पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात केली.

सुनेने पुस्तक मिटलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. उनाडातली उनाड पोरं तिच्यासमोर सरळ होत. पण सासू नावाची विद्यार्थिनी तिला पुरून उरली होती. आक्कांचं पाठांतर चोख. धडा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत घडाघडा. फक्त मधूनच काही विचारलं की घोडं अडायचं. त्यापायीच तोंडी परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. बाकीचे विषय सुटले होते, भूगोल तेवढा मानगुटीवर बसला होता.

"तुम्ही समजून घेतच नाही. नुसती पोपटपंची करता," सून म्हणाली.

"पोपटाला निदान कुणी नापास तरी करत नाही," आक्का फणकारल्या. आतल्या खोलीत मुलगा गपचूप पडून राहिला. आई आणि बायकोच्या मध्ये पडायचं नाही, हे शहाणपण त्याला कुणी न शिकवताच आलं होतं.

नवरा गेल्यावर आक्का हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागल्या आणि चादरींच्या घड्या घालण्यात उमेदीची वर्षं गेली. आता इन्चार्जबाई निवृत्त होत होत्या. खुर्ची आक्कांनाच मिळावी असं सगळ्यांचं मत होतं, मोठ्या साहेबांचंसुद्धा. पण नियम म्हणजे नियम, शालान्त परीक्षा पास हवी. तीनदाच बसता येई आणि ही तिसरी खेप होती. हुकली तर बाहेरचं कुणीतरी येणार आणि चादर कशी झटकायची ते त्याला आक्कांनीच शिकवायचं. खरं सांगायचं तर खुर्चीपेक्षा दुसरंच काही त्यांना सलत होतं. आपल्याला डोकंच नाही, असं त्यांना मनातून वाटू लागलं होतं. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. आक्का चष्मा घरीच विसरल्या होत्या, तो द्यायला सून लॉन्ड्रीत आली. आत वाफ, यंत्रांची घरघर आणि साबणाचा उग्र वास. लांबच्या लांब स्टीलच्या टेबलाशी आक्का उभ्या होत्या. हात चादरीवर, ओठांवर धडा.

त्या लॉन्ड्रीत नव्या बाईला पहिल्या दिवशी एकच मंत्र मिळे, "टोक आत!" ओल्या चादरीचं टोक टेबलाबाहेर लोंबू द्यायचं नाही. हा मंत्र आक्कांचाच. आणि त्या दिवशी पाठांतराच्या नादात आक्काच तो विसरल्या. टोक खाली घसरलं. चादर आधी रेंगाळत सरकली, मग भरभर निघाली आणि शेवटी सपकन जमिनीवर जाऊन पडली. वर ठेवलेले दोन कोरडे अभ्रेही तिच्याबरोबर गेले.

"आक्का, टोक आत!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या आणि हसून हसून वाकल्या. आक्कांचा चेहरा पडला.

"आई, परत करून दाखवा," दारातून सून म्हणाली.

"आता तूही चेष्टा कर."

"चेष्टा नाही हो. सांगा मला, चादरीला ढकललं कुणी?"

"ढकलायला कशाला लागतंय? लोंबतं टोक जड असतं. ते खाली गेलं की बाकीची आपोआप ओढली जाते."

"आणि अभ्रे?"

"ते बिचारे वर बसलेले. चादर नेईल तिकडे..." आक्का बोलता बोलता थांबल्या. टेबलाकडे बघत राहिल्या. "अगं, म्हणजे अभ्रे म्हणजे आपले खंड?"

"आणि चादर म्हणजे भूपट्ट. समुद्राचा तळ जुना झाला की थंड होतो, जड होतो आणि एका टोकाला खाली जातो. मागचं सगळं ओढून नेतो."

"मग मेलं हे पुस्तकात का नाही लिहिलं?"

"लिहिलंय की. पान उलटलं की तिसरी ओळ. तुम्ही रोज म्हणता."

आक्का स्वतःशीच हसल्या. त्यांनी चादर उचलून पुन्हा टेबलावर पसरली आणि मुद्दाम टोक सोडलं. मग आणखी एकदा. चादर परत धुवायला लागणार होती, पण त्यांना त्याची पर्वा नव्हती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "खंड कशामुळे सरकतात?"

"पृथ्वीच्या जन्माच्या वेळी..." आक्कांच्या तोंडून निघालंच.

"जन्माचं राहू द्या, बाई. सरकतात कशामुळे?"

धडा पार उडाला. समोर काचेचं टेबल होतं. त्यावर गुळगुळीत कापड, कापडावर कपबशी आणि शेजारी पाण्याचा जग. आक्कांनी मनाचा हिय्या केला.

"साहेब, हे कापड भिजवलं तर चालेल?"

साहेबांनी आधी कापडाकडे, मग आक्कांकडे पाहिलं. "भिजवा."

आक्कांनी टेबलाबाहेरचं टोक जगमधल्या पाण्यात बुचकळून सोडलं आणि कापड जरासं ओढून हात काढून घेतला. कापड निघालं. कपबशी निघाली. साहेबांनी ती काठावर झेलली.

"कापड म्हणजे समुद्राचा तळ, बशी म्हणजे खंड," आक्का म्हणाल्या. "ती काही स्वतःहून चालली नाही."

"पण तळ बुडतो, मग खंड का बुडत नाहीत?"

"हलके आहेत ना. आमच्या हंड्यात कपडे उकळतात तेव्हा फेस वर येऊन साठतो. कितीही दाबा, परत वरच. तसाच हलका खडक वर येत गेला, साठत गेला. कोट्यवधी वर्षं लागली, तेव्हा कुठे खंड झाले."

"तुमचं टेबल गार आहे, बाई. पृथ्वी आतून तापलेली आहे. त्याचं काय?"

"तापलेली आहे म्हणूनच तर चाललंय, साहेब. आतली उष्णता वर येते, नवा तळ तयार होतो, मग तो निवत निवत जड होतो. उष्णता संपली की दुकान बंद."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "कुणी शिकवलं?"

"सुनेने."

"आणि तुम्ही सुनेचं ऐकलंत?"

"नाही ना, साहेब. म्हणून तर दोनदा नापास झाले."

साहेब इतके मोठ्याने हसले की बाहेर रांगेतली मुलं दचकली. "रीतसर निकाल लागायचा तेव्हा लागेल," ते म्हणाले, "पण तुम्ही पास आहात. आज शांत झोपा."

आक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. सून व्हरांड्यात उभी होती. आक्कांचा चेहरा बघून तिने विचारायचंही सोडून दिलं. तिचे डोळे भरून आले. आक्कांनी तिचा हात घट्ट दाबला.

"काकू, काय विचारलं हो आत?" पोराटोरांनी गराडा घातला. आजवर याच व्हरांड्यात आक्का पदराआड पुस्तक झाकून कोपऱ्यात बसत आल्या होत्या.

"खंड विचारतात," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. कुणाकडे मोठा रुमाल आहे का? आणि पाणी?"

फाटकाशी घराकडे जाणारी बस येऊन उभी राहिली. सुनेने तिच्याकडे पाहिलं, जाऊ दिली आणि मुलांच्या मागे, भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली.