लिंपलेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. नखाएवढी, पांढुरकी, कडेला टवका उडालेली. माझ्या अंगात केसाहून हजारपट बारीक अशी असंख्य भोकं आहेत. एकाची दुसऱ्याशी गाठ नाही.

यवतमाळच्या एका कॉलेजात कोकिळाताई शिकवत. त्यांनी मेणासारखं पॉलिमर वितळवून माझ्या भोकांत भरलं. त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. गार होताना ते घडीवर घडी रचतात आणि पॉलिमर गोठतं. अरुंद जागेत ते कसं गोठतं, हे ताईंना पाहायचं होतं.

त्या वर्षी नेरच्या बाजारात कापसाला कोणी विचारत नव्हतं. तिथून कंटाळून ताईंचे यजमान वामनराव कॉलेजात येऊन बसले. ताईंनी त्यांना माझ्यावरचं जास्तीचं पॉलिमर पुसायला दिलं. त्यांनी ते बोटानं सारखं पसरवलं.

"काहो, पुसलं नाही?"

"लिंपलं. कणगीचं तोंड कोणी उघडं ठेवते काय? दाणा सांडते ना!"

ताई हसत सुटल्या. "ही कणगी नोहे! वरून सारे भोकं जोडले तुमी. एक गोठलं का सारे गोठून जातात."

"मग चांगलंच आहे की!"

ताईंनी तो थर खरवडून मला स्वच्छ पुसलं. आता शेजार तुटला. बाटलीत उरलेला पॉलिमरचा गोळा गोठला, तरी माझ्या भोकांत पातळच. प्रत्येक भोकाला गोठायची सुरुवात एकट्यानं करायची होती. बर्फाहून गार जागेत ठेवल्यावर कुठे ती गोठली, आणि तापवल्यावर गोळ्याच्या आधी वितळली. ताईंनी आनंदानं टाळी वाजवली.

एकदा माझ्यातलं पॉलिमर वितळवून त्या घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. दुखणं मोठं होतं. मी कपाटात पडून राहिले. बाहेरून थंड, आत अजून न गोठलेली.

पुढे ताईंच्या जागी आलेल्या निशिगंधा मॅडम कपाट आवरू लागल्या. ताईंचा चष्मा न्यायला वामनराव आले होते.

"काका, ही चकती टाकून देऊ?"

"नका टाकू. मले द्या. ते बाटलीही द्या."

घरी त्यांनी एकट्यापुरता भात टाकला. मग भाताशेजारच्या चुलीवर चमच्यात गोळा वितळवला आणि बोटानं माझ्यावर पसरवला.

"आता पुसाले कोण येते, कोकिळा?"

थर गार होऊन गोठला. वरची घडी भोकाभोकांत उतरली, आणि इतक्या काळानं मी आतून सावरले.

मित्रांनो, पुढे कधी मी तुमच्या हाती लागले, तर मला कुठेही ठेवा. फक्त पुसू नका.