बिचारे टेकडीवाले आणि मेले पिवळे

फुटबॉलमध्ये टेकडीवाल्यांकडून हरलो तर आम्ही हिरवे टाळ्या वाजवतो. खरंच सांगते. सामना संपल्यावर त्यांची माणसं आमच्या स्टँडखालून जातात, तेव्हा आमच्यातलाच कुणीतरी ओरडतो, "छान खेळलात हो! जपून जा, चढ आहे!" आणि तेही हसून हात हलवतात. पण पिवळ्यांकडून हरलो, की आमच्या घरात त्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नाही. आमचे हे भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि मी भांडी अशी आपटते, की शेजारीण खिडकीतून विचारते, "हरलात वाटतं?"

आता बघायला गेलं तर दोघंही आमचे शेजारीच. टेकडीवाल्यांचं मैदान बसने दहा मिनिटांवर, पिवळ्यांचं पुलापलीकडे. खेळ दोघांचाही यथातथाच. मग एकाला "बिचारे" आणि दुसऱ्याला "मेले" असं का? तर टेकडीवाले सोमवारी सकाळी माझ्यासमोरच्या मशीनवर येऊन बसत नाहीत. पिवळे बसतात.

पिवळे म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्हा दोघींचं शिवणाचं दुकान आहे. एक खोली, दोन मशीनं, मधे कापड बेतायचं लांबलचक टेबल. पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे, पँटच्या चेन बदलणं, जे येईल ते. खिडकीशी त्या बसतात, कारण त्या थोरल्या. दाराशी मी, कारण गिऱ्हाइकांशी भांडायला तोंड माझं बरं चालतं. सासऱ्यांच्या हिरव्यागार घरात थोरले दीर एकटेच पिवळे निघाले. का, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना बॉल आणि भोपळा सारखाच. नवऱ्यापायी त्या पिवळ्या झाल्या. दीर गेले तेव्हा मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. कसलं काय! दुप्पट पिवळ्या झाल्या. दिरांच्या जागेवर, दिरांचा मफलर गळ्यात घालून बसायला लागल्या.

आमच्या दोघींचा एक नियम आहे. हिरव्या-पिवळ्यांची गाठ वर्षातून दोनदा पडते. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात जिचे हरतील, तिने जिंकणारीला नवा झेंडा शिवून द्यायचा. मशीनला हात लावायचा नाही, सगळी हातशिलाई. आणि सीझनच्या शेवटच्या सामन्याला जिंकणारीच्या स्टँडमध्ये स्वतः जाऊन, चारचौघांदेखत तो तिच्या हातात द्यायचा. शिवणारीला सूट एकच: कोपऱ्यात एक टाका आपल्या रंगाच्या दोऱ्याचा घालायचा.

यंदा आम्ही जिंकलो होतो. जाऊबाई दुपारची कामं उरकली की हिरवं कापड मांडीवर घेऊन बसायच्या. तोंड कारलं खाल्ल्यासारखं, पण टाके बघावेत! शत्रूचा झेंडा म्हणून एकही ढिला नाही. मी मुद्दाम मधूनमधून म्हणायचे, "ताई, हिरवा रंग खुलून दिसतो हो तुम्हाला." त्या सुई रोखून म्हणायच्या, "धाकटे, बोटात घालीन."

तर शेवटचा आठवडा आला आणि पिवळे तळाला लोंबकळत होते. जो क्लब शेवटी येतो, तो पुढच्या वर्षी खालच्या गटात जातो. त्यांचे सगळे सामने संपले होते, हातात काही उरलं नव्हतं. सगळं अडकलं होतं आमच्या शेवटच्या सामन्यावर, आणि तो होता टेकडीवाल्यांशी. हिरवे जिंकले तर टेकडीवाले खालच्या गटात जाणार आणि पिवळे वाचणार. हिरवे हरले, नुसती बरोबरी झाली तरी, पिवळे खाली.

आमच्या लोकांना हे कळलं मात्र, सगळ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. "आज हरायचं!" हे वाक्य पाववाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे एकमेकांना ऐकवत होते. आमचे हे दाढी करताना शीळ घालायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली मी. म्हणाले, "बिचारे टेकडीवाले राहू देत की. आपण हरलो तर आपलं काय जातंय?" मलाही आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी जाऊबाई झेंड्याची कड दुमडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लेक कधीची बोलावतेय. पिवळे खाली गेले तर मी जाते तिच्याकडे राहायला. माझं मशीन तू ठेव."

मला वाटलं, थट्टा. "अहो, खालच्या गटात काय फुटबॉल खेळत नाहीत?"

"खेळतात. तुमच्याशी खेळत नाहीत."

मी सुईत दोरा ओवायला घेतला, तर नेढंच सापडेना. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"सोमवारी इथे यायचं आणि भांडायचं कुणाशी? गणवेशांशी?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "आणि तू मला बिचारी म्हणायला लागशील. आज ना उद्या म्हणशीलच. ते नाही सोसायचं मला. भावजींना सांगू नकोस, उगीच रडत बसतील."

मला असा राग आला! इतकी वर्षं समोरासमोर बसून काढली आणि ही बाई मशीन ठेवून घे म्हणते! "जा की मग," मी म्हणाले, "खिडकीजवळची जागा तरी मिळेल मला." आणि तणतणत मशीन असं पळवलं, की एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. जाऊबाईंनी ती पँट माझ्या हातून घेतली आणि उसवत बसल्या. मला रडू यायला लागलं, म्हणून मी चहा टाकायला उठले.

सामन्याच्या दिवशी त्या आल्या. नियम म्हणजे नियम. गडद कोट गळ्यापर्यंत बंद, मफलर आत लपवलेला, हातात पिशवी. आमच्या स्टँडने उभं राहून स्वागत केलं. पाववाल्याने तर कमरेत वाकून वाट दाखवली. जाऊबाईंनी ताठ मानेने झेंडा काढला, माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "घे. धुतलास तर थंड पाण्यात धू." आणि वळल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. "बसा."

"इथे? माझे पाय भाजतील."

"भाजू देत. बसा म्हणते ना!"

बसल्या. एका बाजूला मी, पलीकडे आमचे हे. सामना सुरू झाला आणि आमच्या स्टँडने टेकडीवाल्यांना डोक्यावर घेतलं. त्यांनी बॉल घेतला की टाळ्या, आमच्यांनी घेतला की "अरे, दमशील, सोड त्याला!" असे विनोद. मी झेंडा धरून बसले होते. अंगठ्याला कोपऱ्यातला तो पिवळा टाका लागला, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला, की मीच दचकले. "पुढे जा रेऽऽ! पाय आहेत की खांब?"

आख्खा स्टँड मागे वळला.

"मावशी," पाववाला म्हणाला, "आज हरायचंय. विसरलात का?"

"मी हिरवी आहे, मेल्या! हिरव्यांच्या स्टँडमध्ये बसून हिरव्यांसाठी ओरडायची चोरी झाली काय?"

आमच्या ह्यांनी माझी बाही ओढली. "अगं, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. आपला क्लब आहे ना हा?"

"आजच्या दिवस नाहीये," हे म्हणाले, आणि तेही अगदी मनापासून.

टेकडीवाल्यांनी गोल केला. आमच्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. जाऊबाई मैदानाकडे बघतच नव्हत्या. कोटाचं वरचं बटण काढत होत्या, लावत होत्या. सोमवारची ती खोली दिसली मला: खिडकीशी झाकून ठेवलेलं मशीन, आणि मी एकटी तावातावाने कुणाला सांगणार, की पेनल्टी नव्हतीच म्हणून? टेकडीवाल्यांना? त्यांच्याशी मी आयुष्यात कधी भांडले नव्हते. त्यांच्या गोलकीपरचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पिवळ्यांच्या राखीव खेळाडूचा कुठला गुडघा दुखतो तेसुद्धा मी सांगू शकते! तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ज्यांच्यावाचून आपलं काही अडत नाही, त्यांना आपण बिचारे म्हणतो आणि बसमध्ये बसेपर्यंत विसरतो.

मग मी जी सुटले ती सुटले. घसा, मान, मर्यादा, सगळं सोडलं. आमच्या टीममध्ये एक लंबू आहे, परगावचा, नवाच आलेला. त्याला बहुतेक कुणी सांगितलंच नव्हतं, की आज हरायचंय. मी त्याच्याच नावाने खडे फोडायला लागले. "लंबू, जागा हो! लंबू, डोकं कशाला दिलंय देवाने?" आणि त्या गुणी बाळाने उत्तरार्धात एक गोल फेडला. स्टँडमध्ये अशी शांतता, जणू वीज गेली. पाववाल्याने कपाळावर हात मारला. "मावशी, तुमच्यामुळे होतंय हे!"

बरोबरी. पण बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती. वेळ संपत आली, रेफ्री घड्याळाकडे बघायला लागला आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. जाऊबाईंनी माझा हात धरला होता. नखं रुतत होती. बॉल आला, तीन-चार डोकी वर गेली, त्यात सगळ्यात वर लंबूचं. जाळी हलली.

आणि माझ्या शेजारून, गळ्यापर्यंत बंद केलेल्या त्या कोटातून, कानठळ्या बसवणारी आरोळी आली. "हिरवेऽऽऽ!"

जाऊबाई बाकावर उभ्या होत्या. दोन्ही हात वर, मफलर बाहेर आलेला, पिवळाधमक. सगळा हिरवा स्टँड सुतकी चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडले. शिट्टी कधी वाजली तेही मला कळलं नाही.

"अगं, झालंय तरी काय?" हे घाबरून विचारत होते.

"राहिल्या हो," मी म्हणाले. "पिवळे खाली गेले असते तर ताई लेकीकडे जाणार होत्या. कायमच्या."

ह्यांनी आपल्या वहिनीकडे पाहिलं. नाक ओढलं. मग मला म्हणाले, "आधी नाही का सांगायचं? मीही ओरडलो असतो." आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "म्हणजे, मनातल्या मनात."

टेकडीवाले आमच्या स्टँडखालून मान खाली घालून गेले. "बिचारे," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पाववाला त्या वाचलेल्या मेल्या पिवळ्यांना पुढच्या वर्षी कसं लोळवायचं ते तावातावाने सांगायला लागला.

सोमवारी मी लवकर दुकान उघडलं. खिडकीजवळच्या मशीनवर झाकण तसंच होतं. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दुसरं आलं, जाऊबाईंचा पत्ता नाही. म्हटलं, मन बदललं की काय बाईंचं? शेवटी आल्या. झाकण काढलं, चष्मा पुसला, सुईत दोरा ओवला. मी वाट बघत होते. आभार वगैरे नकोत, पण निदान एखादा गोड शब्द!

"तुमचा दुसरा गोल ऑफसाइड होता," त्या म्हणाल्या.

मी हातातली कात्री ठेवली. "कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड असतो का हो ताई?"

"नसेल. मग ढकललं त्या लंबूने. मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांनी बघितलंत आणि तोंडाने काय ओरडलात ते आठवतंय का?"

"शिंकले मी."

"हिरवे, अशी शिंक येते?"

"गार वारं होतं तुमच्या त्या स्टँडमध्ये."

झालं, जुंपली आमची. मी टेबलावर टेप आपटत होते, त्या सुई नाचवत होत्या, आणि पडदे न्यायला आलेली बाई दारातूनच परत गेली. शेवटी दोघींचेही घसे बसले, तेव्हा त्यांनी गणवेशाची बाही पुढे ओढली आणि मशीन सुरू करता करता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी झेंडा तुला शिवायचाय. पिवळं कापड आत्तापासून बघून ठेव. मागच्या वेळेसारखं विटकं आणलंस तर घेणार नाही."