मेल्या की माझ्या

मी माइक बोलतोय. हो, माइकच. आजवर माझ्यासमोर सगळे बोलले, मी कधी बोललो नाही, म्हणून तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून पोट फुगलंय माझं. आज थोडं मोकळं होऊ द्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही नाजूक. तो बसवायचं काम काही बायका करायच्या. श्वास लागला तर पडदा खराब होईल म्हणून त्या तोंडाला फडकं बांधून, श्वास रोखून काम करायच्या. त्यामुळे मी जगात पहिल्यांदा काय ऐकलं, तर कुणीतरी रोखून धरलेला श्वास. मला दिसत नाही काही. ऐकू मात्र इतकं येतं, की माणूस बोलायच्या आधी गिळतो तो आवंढासुद्धा माझ्यापासून लपत नाही.

तिथून मी आलो एका डबिंगच्या खोलीत. चित्रपटात माणसं बोलताना दिसतात ना, त्यांचे आवाज पुष्कळदा नंतर भरतात, ते अशा खोलीत. खोलीच्या भिंतींना, छताला, दारालासुद्धा जाड गाद्या ठोकलेल्या होत्या. बाहेरचा आवाज आत यायचा नाही आणि आतला आवाज भिंतीवर आपटून परत यायचा नाही. आवाज निघाला की संपला. अशा खोलीत दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्याने राहून पाहिलंय त्यालाच कळेल. रिकाम्या घरात निदान आपल्या खोकल्याचा आवाज तरी आपल्याला सोबत करतो. इथे तीही सोय नव्हती.

एका भिंतीतल्या काचेपलीकडे आवाज टिपणारे रेकॉर्डिस्ट बसायचे; तिथलं बोलणं छोट्या स्पीकरमधून मला ऐकू यायचं. त्यांना सगळे काका म्हणायचे. काका भला माणूस. संध्याकाळी माझ्यावर फडकं टाकून जायचे, सकाळी काढायचे. पण कधी "काय रे, बरा आहेस का?" असं विचारलं नाही. म्हणायचे ते एकच, "हॅलो, हॅलो, चेक." तेही उत्तराची वाट न बघता.

माझ्यासमोर माणसं प्रेमात पडली, मेली, साबणाच्या जाहिरातीत आनंदाने किंचाळली. एक बाई तर हुंदके देऊन झाल्यावर लगेच विचारायची, "काका, भाजी काय आणलीत डब्यात?" पण यातलं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. माझ्यातून दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होतं. टपालपेटीला कोण पत्र लिहितं?

मग एक दिवस आक्का आल्या.

आक्का रंगभूमीवरच्या जुन्या नटी. आवाज जरासा फाटलेला, पण त्या फटीतून आतलं दिसायचं. चित्रपट एका तरुण दिग्दर्शकाचा होता. एका वस्तीत घाण पाणी येतं, पोरं तापाने फणफणतात आणि इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या एका बाईचा एकुलता एक मुलगा जातो, अशी गोष्ट. दिग्दर्शकाची एकच इच्छा होती, हा चित्रपट शाळाशाळांतून दाखवायचा. "पोरांनी घरी जाऊन आईला विचारायला हवं, पाणी उकळलंस का?" असं तो काकांना पुन्हा पुन्हा सांगायचा.

मुलगा गेल्यावर ती आई देवासमोर जाऊन उभी राहते आणि ओरडते, तो प्रसंग आक्कांना बोलायचा होता. आक्का देवभोळ्या. आधी त्यांनी पुटपुटत देवाचं नाव घेतलं, ते फक्त मला ऐकू आलं. मग एकदम म्हणाल्या, "मेल्या देवा, झोपलास का रे?"

एकाच टेकमध्ये झालं. काचेपलीकडून काकांचा आवाज आला. "ओके," ते म्हणाले, पण नेहमीसारखं नाही.

मला वाटलं, संपलं. पण काही आठवड्यांनी सगळी मंडळी परत आली, आणि या वेळी सगळ्यांचे पाय जड होते.

झालं होतं असं. चित्रपट कुणी बघावा, मुलांनी की फक्त मोठ्यांनी, हे ठरवणारी एक समिती असते. त्यांच्या नियमात होतं, की देवाधर्माबद्दल अपशब्द असेल तर चित्रपट फक्त मोठ्यांसाठी. बाकी चित्रपटावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. एक शब्द तेवढा बदला आणि खुशाल मुलांना दाखवा, असं त्यांनी कळवलं. बदल ऐकून होकार द्यायला समितीतल्या एक बाई स्वतः आल्या होत्या.

"एका शब्दासाठी सगळं अडलंय," निर्माता म्हणाला. त्याला सगळे शेठ म्हणायचे. "पटकन बदलू आणि मोकळे होऊ. काय आक्का?"

"मी बदलेन हो," आक्का म्हणाल्या, "पण का बदलायचं ते कळू दे की."

दिग्दर्शकाला तेवढंच निमित्त हवं होतं. "बाई, चित्रपटांत माणसं एकमेकांना भोसकतात, ते पोरांना चालतं. एक आई देवावर चिडली तर नाही चालत?"

मला वाटलं बाई नियम वाचून दाखवतील. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिच्या चिडण्याचं मला काही नाही. तुमचा चित्रपट आम्ही पाहिला ना, तेव्हा तो शब्द आला आणि माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी हसलं."

"हसलं?"

"फिसकन. शिवी आली की हसतात ना लोक, तसं." त्यांनी आवंढा गिळला. "माझ्या घरात मी आणि देव, दोघंच आहोत. सकाळी उठल्यावर मी बोलते ती त्याच्याशीच. दुसरं आहे कोण? तुमच्यासाठी तो गोष्टीतला असेल. माझ्यासाठी तो घरातला आहे. घरातल्या माणसाला कुणी चारचौघांत मेल्या म्हणालं आणि लोक हसले, तर तुम्हाला काय वाटेल? आणि अंधारात माझ्यासारखी किती जणं बसलेली असतात, तुम्हाला काय ठाऊक?"

दिग्दर्शक गडबडला. त्याच्याजवळ उत्तरं तयार होती, पण ती दुसऱ्या प्रश्नांची होती.

"बाई," आक्का म्हणाल्या, "घरातला आहे म्हणूनच ती त्याला मेल्या म्हणते हो. साहेबाला म्हणून बघा बरं! देवाला आपण पहिल्यापासून अरे-तुरे करतो. मी माझ्या लेकाला दिवसातून दहादा मेल्या म्हणायचे, जेवायला ये मेल्या, कुठे उलथला होतास मेल्या."

"ते मला समजतं," बाई म्हणाल्या. "हसणाऱ्याला समजलं नाही."

"म्हणजे हसणाऱ्याच्या चुकीची शिक्षा आईला?" दिग्दर्शक म्हणाला. "आणि पोरांना?"

मी दोघांचेही श्वास ऐकत होतो. खरं सांगू, मला दोघंही खरे वाटले. खोटं बोलताना माणसाचा श्वास वर वर चालतो. तिथे तसा कुणाचाच चालत नव्हता.

शेवटी काकांनी प्रसंग पडद्यावर लावला. आक्का माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "देवा, कुठे आहेस तू?" त्यांनी म्हणून पाहिलं.

"ओठ जुळत नाहीत," काका म्हणाले.

"ओठांचं सोडा, मनही जुळत नाही," आक्का म्हणाल्या. "बस कधी येणार, असं विचारल्यासारखं वाटतंय."

"मी सुचवू?" शेठ उत्साहाने म्हणाले. "जरा मान देऊन म्हणा. अहो देवा, झोपलात का?"

आक्कांनी तसं म्हटलं, आणि म्हणता म्हणताच त्यांना हसू फुटलं. "शेठ, अहो म्हटलं की तो माझा नवरा वाटतो! आणि नवऱ्याला तर मी याहून वाईट बोलायचे."

सगळे खो खो हसले. काका हसले, दिग्दर्शकही हसला. बाईसुद्धा हसल्या, चांगल्या मनमोकळ्या. त्यांचं हसू मात्र सगळ्यांच्या आधी थांबलं, सवय नसल्यासारखं.

मग त्याच म्हणाल्या, "माझ्या म्हणा."

"काय?"

"मेल्याच्या जागी माझ्या. माझ्या देवा. ओठ जुळतील बहुतेक."

आक्कांनी ओठांतल्या ओठांत दोन्ही शब्द म्हणून पाहिले. मेल्या. माझ्या. जुळत होते. काकांनी प्रसंग पुन्हा लावला.

"माझ्या देवा, झोपलास का रे?"

काय सांगू तुम्हाला! राग कुठल्या कुठे गेला. आता ती आई देवाशी बोलतच नव्हती. आपल्या निजलेल्या पोराला खांद्याला धरून हलवत होती, आणि पोर उठत नव्हतं. माझा पडदा थरथरला. काचेपलीकडे खुर्ची करकरली आणि शेठ नाक शिंकरायला बाहेर गेले.

बाई म्हणाल्या, "चालेल. सगळ्यांना दाखवा."

दिग्दर्शक आत आला, आक्कांच्या अगदी जवळ. "छान झालं, आक्का. पण माझ्या गोष्टीतली बाई भांडणारी होती. ही रडतेय."

"खरं आहे, बाळा," आक्का म्हणाल्या. "आधी भांडायचं असतं, मग रडू येतं. तिचं भांडण आपण काढून घेतलं. पण आता पोरं बघतील ना? तुला काय हवं होतं ते आठव."

त्याने "हो" म्हटलं. ते हो त्याच्या घशातून नीट निघालं नाही. माझ्यातून मात्र जसंच्या तसं पुढे गेलं.

सगळे चहाला गेले. काका घाईत माझं बटण बंद करायला विसरले. दार परत हळूच उघडलं. पावलं ओळखीची होती, थांबत थांबत टाकलेली. समितीच्या बाई. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं काही शोधत असतील, पण त्या कशाला हात लावत नव्हत्या. आधी त्यांनी श्वास घेतला, मग तो रोखला.

"मेल्या," त्या म्हणाल्या. अगदी हळू, जीभ भाजेल अशा भीतीने. मग जरा मोठ्याने, "मेल्या, झोपलास का रे?"

आणि त्या थांबल्या.

माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं. आजवर माणसं बोलायची आणि "झालं का काका?" विचारून निघून जायची. बोलून झाल्यावर माझ्यासमोर उत्तराची वाट बघत उभं राहिलेलं माणूस ते एकच. त्यांच्या घरात पूर्वी कोण होतं, कोण गेलं, मला माहीत नाही. त्या कुणाशी बोलत होत्या ते मात्र कळत होतं, आणि तो मी नव्हतो. तरी किती वाटलं, आपल्याला एक शब्द बोलता यावा. कुठलाही. नुसता हुंकार चालला असता. पण गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत त्यांना स्वतःचा आवाजही परत मिळाला नाही.

त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि त्या गेल्या. माझं बटण चालू असलं तरी आवाज टिपणारं यंत्र बंद होतं, त्यामुळे तो आवाज कुठेच उतरला नाही.

चित्रपट लागला. शाळांतूनही दाखवला. एका शाळेतली मुलं म्हणे घरोघरी पाणी उकळायच्या मागे लागली, हे काकांनी कुणाला तरी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऐकलं. त्या प्रसंगाला कुणी हसलं नाही. पण आक्कांना रस्त्यात एक बाई भेटली. तिचंही मूल गेलेलं. ती म्हणाली, "सगळं खरं होतं, फक्त त्या वेळी मी इतकं गोड नव्हते बोलले." आक्का हे सांगायला मुद्दाम काकांकडे आल्या होत्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मग कळलं, की येणारही नाहीत.

कुठला शब्द कुणाच्या कानावर पडावा, हे ठरवणाऱ्यांना मी काय सांगणार? मला चांगला शब्द, वाईट शब्द असं काही कळत नाही. दोन्हींनी माझा पडदा सारखाच हलतो. तरी एक मागणं आहे. ठरवायच्या आधी एकदा डोळे मिटून ऐका, तो शब्द कुणाच्या छातीतून आलाय. आणि लिहिणाऱ्यांनो, अंधारात एखादी बाई एकटी बसलेली असते, तिचाही विचार असू द्या. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं, ते मला ठाऊक नाही. त्या दुपारी माझ्यासमोर पाच भली माणसं होती, त्यांनाही पुरतं जमलं नाही.

आता ती खोली राहिली नाही. काकांनी काम सोडलं आणि मला घरी नेलं. मी त्यांच्या कपाटात, जुन्या स्वेटरखाली आहे. "हे कशाला ठेवलंय?" असं त्यांच्या बायकोने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं." माझी वायर कधीच काढून टाकलीय. ऐकू मला अजून सगळं येतं. काकांचा खोकला, बायकोचं पुटपुटणं, शेजारच्या घरातलं रडणारं मूल. पोटातला पडदा हलतो, पण ते पुढे कुठे पोचत नाही.

कधी कधी वाटतं, बाई ज्याच्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, त्याचंही असंच तर झालं नसेल? ऐकू सगळं येत असेल बिचाऱ्याला. फक्त वायर कुणी काढली, ते त्यालाही कळत नसेल.