साखळी मालकाची, वाट तुमची

"वाका बायांनो, वाका दादांनो, साखळी मालकाची, वाट तुमची!"

बाबांचा हा आवाज तिला अजून ऐकू यायचा, बहुतेक करून पाय भरून आले की. बाबा या चौकाचे पहारेकरी होते. चौक कंपनीचा, पण आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं त्यातूनच आरपार जायची. उद्या कुणी ही वाट हक्काची म्हणू नये, म्हणून कंपनी वर्षातून एक दिवस चौक बंद ठेवायची. बाबा सकाळी दोन खांबांमध्ये साखळी बांधत, कुलूप घालत, आणि मग दिवसभर तीच साखळी हाताने उचलून धरत. माणसं हसत, वाकत, पलीकडे जात.

आता ती चौकाची व्यवस्थापक होती. फरशी धुऊन घ्यायची, दिवे बघायचे, बाकावर झोपलेल्याला उठवायचं. लोकांच्या शिव्या मालकासाठी खायच्या, मालकाच्या लोकांसाठी. पोट मात्र कशानेच भरत नव्हतं.

कंपनीला इथे कायमचं गेट हवं होतं. गल्ल्यांनी तक्रार केली, आणि सगळं एका प्रश्नावर येऊन अडलं: बाबांच्या काळात, साखळीच्या दिवशी, वाट खरोखर बंद असायची का? असली तर गेट बसणार. नसली तर वाट लोकांची. चौकशीचा अधिकारी आज पुन्हा येणार होता.

इस्त्रीवाली मावशी गाठोड्यांची गाडी ढकलत आली.

"काय मालकीणबाई, गेट कधी?"

"मालकीण कसली, मावशी. पगारी किल्ली आहे मी."

"मग किल्लीबाई, मला पंख लावून द्या. गेट बसल्यावर त्या पलीकडच्या चढावरून गाडी न्यायची म्हटलं तर हे गुडघे माझ्याआधी माहेरी निघून जातील."

"तुम्ही सांगितलंत ना अधिकाऱ्यांना?"

"सांगितलं. वकील म्हणतो, हिला वाट हवी, म्हणून बोलते." मावशीने पदराने मान पुसली. मग आवाज उतरला. "तूही जायचीस गं साखळीखालून. फ्रॉक सावरत."

मावशीची गाडी कुरकुरत पुढे गेली.

काल रात्री आईनेही हाच विषय काढला होता, पण उलट्या बाजूने. "बापाने जन्मभर साखळी धरली. तू जीभ धर. घर तुझ्या पगारावर चालतं."

अधिकारी आला, बाकावर बसला आणि चष्मा पुसू लागला. त्याचेही डोळे थकलेले होते. कंपनीचा वकील तिच्या कानाशी वाकला. "मॅडम, मागच्यासारखंच. दरवर्षी साखळी लावली जायची, एवढंच. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतं. मागच्या खेपेला ती तेवढंच बोलली होती, आणि घरी गेल्यावर ताटावरून तशीच उठली होती. अर्धं खरं पोटात दगडासारखं बसतं, ना पचत ना पडत.

"तुमचे वडील दरवर्षी साखळी लावायचे," अधिकारी म्हणाला. "हे नोंदवलंय. आणखी काही नसेल तर आवरतो."

वकिलाने बॅगेची चेन ओढली. पलीकडे परत येणाऱ्या मावशीची गाडी खांबापाशी अडकली होती. चाक फटीत गेलं होतं, आणि मावशी एकटीच ते उचलू बघत होती. जाणारा एक माणूस थांबला, त्याने एका हाताने गाडी वर धरली. मावशी वाकून चाकाशी गेली.

"साहेब," ती अधिकाऱ्याकडे वळून म्हणाली.

वकिलाचा हात थांबला.

"साखळी लावायचे, पण ती सैल असायची. बाबा दिवसभर उचलून धरायचे, येईल त्याच्यासाठी. वाट एक दिवसही बंद नव्हती." ती मावशीच्या गाडीकडे बघून पुढे म्हणाली, "मी स्वतः त्यांच्या हाताखालून शाळेत गेले आहे."