न जेवता दिलेले पाच तारे

सुप्रिया निमगाव केतकीच्या शाळेत शिकवायची आणि राहायची बारामतीत. बाहेर कुठं जेवली की मोबाईलवर त्या हॉटेलच्या पानावर दोन ओळी लिहायची, आणि त्या खऱ्या असायच्या. 'मिसळ झणझणीत, पण टेबल पुसायचं फडकं बघवत नाही.' त्यामुळं कुठं जायचं ठरलं की शाळेतल्या बायका आधी विचारायच्या, "सुप्रियाबाईंनी काय लिहिलंय?"

चैत्रात तिच्या दिरानं, दिग्विजयनं, इंदापूर रस्त्याला हॉटेल काढलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "साऱ्या जगाचं लिवतीस, मग घरच्याचं लिवायलाच हात जड झाला व्हय?"

सुप्रियानं भाजी निवडता निवडता लिहून टाकलं, 'स्वच्छ, ताजं, लेकराबाळांना घेऊन बिनधास्त जावं.' वर पाच तारे. तिथला एक घासही तिनं खाल्ला नव्हता.

महिन्याभरानं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शकुबाई चार दिवस आल्याच नाहीत. आल्या तेव्हा चेहरा पार उतरला होता. उलट्या-जुलाबांनी नात छकुली दवाखान्यात होती.

"काय खाल्लं होतं तिनं?"

"वाढदिवस म्हणून तुमच्या दिरांच्या हाटेलात नेली होती. पन तितलं कसं बाधंल? तुमीच लिवलंय, छकुलीनंच वाचून दावलं. सकाळी म्या शिरा केलता, त्योच बाधला आसंल. सून आता माझ्या हातचं पोरीला खाऊ देत न्हाय."

शाळा सुटल्यावर सुप्रिया तडक हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली. वीज गेलेली. बाहेरचे पंखे आणि गाणी इन्व्हर्टरवर चालू, फ्रीज मात्र बंद. आतल्या पातेल्यावरचं झाकण काढलं तर आंबूस भपकारा आला.

"ही ग्रेव्ही कधीची?"

"परवाची. मसाला घातला की कळतबी नाही, वहिनी."

"कळतंय. एक पोर सलाईनवर हाय, भावजी."

"हळू बोला, गिऱ्हाईक ऐकंल!" दिग्विजयनं झाकण परत ठेवलं.

बाहेर येऊन गाडीवर बसल्या बसल्याच तिनं आधीचं पुसलं. 'मी न जेवता लिहिलं होतं. चूक माझी. इथं शिळं वाढतात,' असं लिहिलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

सासूबाईंनी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, "मला विचारायचं तरी." त्याहून वाईट म्हणजे कुणी विश्वासच ठेवला नाही. 'भाऊबंदकीचा राग दिसतोय,' एकानं खाली लिहिलं. दुसऱ्यानं विचारलं, 'तेव्हा खोटं, की आता?' उत्तर लिहायला ती तीनदा बसली, तीनदा उठली. तिच्या जुन्या दोन-दोन ओळींवरही आता लोक हसत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं शकुबाईंना सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता शकुबाईंचा हात थांबला.

"म्हंजी तुमी खाल्लंच नव्हतं?"

"नाही."

शकुबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "चार दीस मी देवाम्होरं नाक घासतीया, बाई, का माझ्या हातानंच पोरीला ईख गेलं."

सुप्रियाला मान वर करवेना.

"मला सांगून काय उपेग?" पदर खोचत शकुबाई उठल्या. "माझ्या सुनंला सांगा. माझं ती ऐकायची न्हाय."

मधल्या सुट्टीत दोघी चालत शकुबाईंच्या घराकडं निघाल्या. छकुलीला सकाळीच दवाखान्यातून घरी आणलं होतं; सून दारातच उभी होती. सुप्रियानं चपला बाहेर काढल्या आणि आत जायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.